शिटीवाल्याची जबाबदारी

दुर्गजवळच्या आमच्या खुर्सीपारात चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं काय असतं, असं विचारलं तर बाहेरचा माणूस म्हणेल निळा झेंडा, नाहीतर लेझीम. खरं म्हणजे सगळ्यात पुढं असायचा एक बांबू. बांबूच्या टोकाला लाकडाचं बेचकं, बेचक्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली आणि बांबूच्या खाली माझे सासरे, म्हणजे मामाजी, रामाजी खोब्रागडे. विजेच्या तारांचं काम बिजली ऑफिसवाले लाइन बंद करून सांभाळत. बाकी टीव्हीच्या, टेलिफोनच्या, कोणाच्या कोणास ठाऊक अशा ज्या तारा रस्त्यावर आडव्या येत, त्या मामाजी बेचक्यात धरून वर उचलत, बाबासाहेबांचा रथ खालून जाऊ देत आणि मग तार अलगद जागेवर सोडत. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही तार तुटली नव्हती, आणि हे त्यांनी आम्हाला विसरू दिलं नव्हतं.

मामाजी पोलादाच्या प्लँटात रिगर होते. म्हणजे क्रेननं जे उचलायचं त्याला साखळदंड बांधायचे, मग खाली उभं राहून क्रेनवाल्याला शिटीनं आणि हाताच्या खुणांनी सांगायचं: वर, खाली, डावीकडं, थांब. रिटायर झाले तरी खुणा काही रिटायर झाल्या नाहीत. मी चहात साखर घालायला लागले की ते तोंडानं बोलत नाहीत, मूठ आवळून हात वर करतात. म्हणजे बस. जेवताना तळहात खाली हलवला की समजायचं, भात अजून थोडा. लग्न करून गोंदियाहून आले तेव्हा मला वाटलं होतं, सासरा मुका आहे की काय. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि मुका असता तर बरं, असंही कधी कधी वाटलं.

कारण त्यांचं एक वाक्य ठरलेलं. प्रफुल, म्हणजे माझा नवरा, साधी स्कूटर मागं घेत असला तरी ते ओट्यावरून ऐकवायचेच. "डायवर आंधळा असते. डोळे शिटीवाल्याचे. माल पडला तं डायवरले नाही पकडाचं, शिटीवाल्याले पकडाचं."

मिरवणुकीचा डायवर म्हणजे जामुलचा टिकाराम साहू. वर्षभर त्याचा ट्रक सिमेंटच्या गोण्या वाहतो. पण चौदा एप्रिलला तो ट्रक धुऊनपुसून, पुढं हळद-कुंकू न लावता, आम्हाला चालत नाही हे लक्षात ठेवून, हजर. टिकाराम आमच्या समाजाचा नाही. तरी मिरवणुकीत येत राहिला, तो मामाजींमुळं. पहिल्या वर्षी एका अरुंद गल्लीत ट्रक अडकला होता, तो मामाजींनी शिटी वाजवत इंचाइंचानं बाहेर काढला. तेव्हापासून टिकाराम त्यांना कका म्हणतो आणि त्यांच्या शिटीशिवाय गिअर टाकत नाही. समितीच्या अध्यक्षांनी "चल" म्हटलं तरी हा हात स्टिअरिंगवर ठेवून ढिम्म बसून राहणार. लोक हसायचे. मामाजी हसायचे नाहीत, त्यांना ते बरोबरच वाटायचं.

गेल्या वर्षी समितीनं रथावर स्तूपाचा घुमट उभारायचं ठरवलं. प्रफुल समितीचा सचिव. घुमट किती उंच असावा? तर पलीकडच्या वॉर्डाच्या रथापेक्षा उंच, एवढंच माप. मामाजी म्हणाले, "तारा तेथीच हायत. रथ कावून वाढवून राहिले?" कोणी ऐकलं नाही. प्रफुल म्हणाला, "बाबा, तुमी हाय नं. तुमच्या रहते टेन्शन कायचं?" झालं, म्हातारा फुगला. म्हणाला, "पाहू." त्यांनी पाहू म्हटलं की करूच म्हणतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दिवशी मी बायकांच्या रांगेत होते, पांढऱ्या साडीत, ट्रकच्या अगदी मागं. ऊन उतरायला लागलं होतं. घुमटामुळं बांबू खालून पुरेना, म्हणून मामाजी शिटी तोंडात धरून ट्रकच्या टपावरच चढले होते. बाजाराच्या वळणावर एक काळी जाड तार लोंबत होती. त्यांनी ती बेचक्यात घेतली, वर उचलली, पण तारेवरची एक पट्टी घुमटाच्या टोकाला अडकली. पुढं जाता येईना, मागं गर्दी. डीजे एकाच गाण्यावर अडून बसलेला, तरुण पोरं ओरडत होती, मागून दुसऱ्या गल्लीचं पथक येऊन टेकलं होतं. मामाजींनी दोनदा तार सोडवायचा प्रयत्न केला. दोनदा जमलं नाही. हजार माणसं त्यांच्याकडं बघत होती.

खालून प्रफुल ओरडला, "बाबा, काटून टाका नं! डेड वायर हाय, जुन्या केबलवाल्याची!"

खांबांवर मेलेल्या तारा ढीगभर लोंबतात, हे खरंच आहे. मामाजींनी खिशातून पक्कड काढली. क्षणभर तार हातात धरून ते तिच्याकडं बघत राहिले. ती तार मेलेल्या तारेसारखी नव्हती, नवीन होती, चकाकत होती. हे मला खालून दिसत होतं, तर त्यांना वरून दिसलं नसेल का? मग टपाच्या कडेला वाकून त्यांनी पक्कड दाबली. एका झटक्यात तुटली नाही ती, दोन-तीनदा दाबावं लागलं. तुटलेलं टोक खाली कोसळलं, मामाजींनी लांब शिटी मारली आणि टिकारामनं ट्रक पुढं काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

तासाभरानं बाजूच्या गल्लीतून एक ई-रिक्षा आली. आत एक पोटुशी बाई कण्हत होती, तिची सासू हात जोडून वाट मागत होती. मामाजी टपावरून उतरले, बांबू आडवा धरून गर्दी मागं सारली, शिटी वाजवत रिक्षा मुख्य रस्त्याला काढून दिली. "माणूस असावा तर असा," माझ्या शेजारची बाई म्हणाली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी कोणाचाच फोन लागेना. आम्हाला वाटलं, गर्दीमुळं असेल. रात्र झाली तरी लागेना. सकाळी सरकारी टेलिफोनचे लोक गाडी घेऊन आले, तेव्हा कळलं की ती तार मेलेली नव्हती. आमच्या भागातले मोबाइलचे टॉवर तिच्यावर चालत होते. ती ई-रिक्षातली बाई? तिच्या घरचे ॲम्बुलन्सला फोन लावून लावून थकले होते, म्हणून रिक्षात घालून निघाले होते. बाळ रिक्षातच झालं. दोघं सुखरूप आहेत, म्हणून मी हे लिहू शकते. मामाजींनी ऐकलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. साखरेची खूण नाही, काही नाही. ज्या रिक्षाला त्यांनी वाट करून दिली होती, तिला वाटेवर त्यांनीच आणलं होतं.

दुपारी पोलीस आले. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. त्यात टपावर झेंड्यांची गर्दी, मामाजी दिसतच नव्हते. दिसत होतं ते एवढंच: ट्रक पुढं जातो, तार खाली पडते. नंबर प्लेट मात्र स्वच्छ, टिकारामनं धुतलेली. पोलीस जामुलला गेले आणि टिकारामला घेऊन आले. ट्रकही जप्त.

विहारात समितीची बैठक बसली. प्रफुलनं सांगितलं, "ट्रकनं खिचली असन तार. आपन काय करू शकतो?" माना डोलल्या. कोपऱ्यात मामाजी बसले होते. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच त्यांच्याकडं बघत नव्हतं. टिकाराम जामुलचा, दुसऱ्या समाजाचा. तो त्या बैठकीत नव्हता, त्यामुळं सगळं सोपं झालं होतं. मला वाटलं, आता म्हातारा उठेल. तो उठला, चपला घातल्या आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला.

मोबाइल सुरू झाले तशी माणसांची तोंडंही सुरू झाली. ग्रुपांवर फिरायला लागलं, ज्यांच्या बाबासाहेबांनी संविधान लिहिलं, तेच त्यांच्या जयंतीला कायदा तोडतात. मी वाचून भडकले. वर्षभर दुसऱ्यांच्या मांडवांत तारांवर आकडे टाकून लाइट जळतात, तेव्हा यांचे कॅमेरे कुठं चरायला जातात? माझा राग खोटा नव्हता. पण मशीनवर बसून ब्लाउज शिवताना दोरा सारखा तुटत होता, कारण आतून मला ठाऊक होतं: या वेळी त्यांच्या बोलण्याला धार आम्हीच लावून दिली होती. चौदा एप्रिलला. याच्याइतकी लाज मला आयुष्यात कशाची वाटली नाही.

मामाजी विहारात जाईनासे झाले. सकाळची वंदना घरीच, आणि तीही बाबासाहेबांच्या फोटोसमोर नाही, बाजूला उभं राहून. मी एकदा म्हटलं, "मामाजी, समोर या नं." तर म्हणाले, "कोन्या तोंडानं येऊ?"

टिकारामला दुर्गच्या जेलात पाठवलं, अशी बातमी आली, आणि त्यानंतर एका सकाळी त्याची बायको हिरा आमच्या दारात उभी राहिली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. हातात पिशवी होती. मला वाटलं, भांडायला आली, आणि खरं सांगते, बरं वाटलं. कोणीतरी भांडायला हवं होतं. पण तिनं पिशवीतून आमचा निळा झेंडा काढला, नीट घडी केलेला. पोलीस ट्रक नेत होते तेव्हा टिकारामनं त्यांना थांबवून झेंडा सोडवून घेतला होता, ठाण्याच्या अंगणात पायदळी येऊ नये म्हणून. "कका ला दे देबे किहिन," ती म्हणाली. काकाला दे म्हणाले.

मामाजींनी दोन्ही हातांनी झेंडा घेतला. मग ती म्हणाली, "कका, तुमन त ऊपर मं रेहेव। तुमन देखे होहू। थाना मं बता देव न, ओ हर कुछु नइ करे हे।"

तुम्ही वर होता, तुम्ही पाहिलं असेल, ठाण्यात सांगा ना, त्यांनी काही केलं नाही. ती साक्षीदार शोधत आली होती. तिला ठाऊकच नव्हतं. नवऱ्यानं तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती थोडा वेळ वाट बघून, पाणीही न पिता, निघून गेली. मामाजी झेंडा मांडीवर घेऊन तसेच बसले. मग म्हणाले, "सुनबाई, ते तुई वकीलबाई हाय नं, तिच्याकडं ने मले. प्रफुलले नको सांगू."

माझी वकीलबाई म्हणजे पद्मनाभपूरच्या नीरजाताई. त्यांच्या काळ्या कोटाचं अस्तर मी बदलून देते, तेवढीच ओळख. त्यांनी आम्हाला बसवलं, सगळं ऐकलं. मामाजींनी सांगताना 'तार कापली गेली' असं म्हटलं. कोणी कापली, ते म्हटलं नाही. मीही खाली बघत होते.

नीरजाताई म्हणाल्या, "हे बघा, नुसतं नुकसान वेगळं आणि हे वेगळं. पाणी, वीज, टेलिफोन, जे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, त्याला हात लावला तर सार्वजनिक मालमत्तेचा वेगळा कायदा लागतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि सहसा सहा महिन्यांच्या खाली नाही. जामीनही सरकारी वकिलाचं ऐकून घेतल्याशिवाय होत नाही. म्हणून तुमचा ड्रायव्हर आत आहे."

"तो तं शिटीवर चालला," मामाजी म्हणाले. "त्याले काय दिसते?"

"मग तो सुटेल. ज्यानं कापली त्यानं येऊन सांगितलं तर लवकर सुटेल. नाहीतर चालत राहील वर्षानुवर्षं." त्यांनी चष्मा काढला. "कापणारा माणूस कुठं आहे?"

पंखा फिरत होता. मामाजींनी मूठ आवळून हात थोडा वर केला, तीच ती चहाची खूण. बस. मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला. नीरजाताईंना खूण कळली नाही, त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी रडत होते, म्हणून मग त्यांना कळली.

संध्याकाळी घरी प्रफुलला कळलंच. केवढा तमाशा! "बाबा, दिमाग खराब झाला का तुमचा? टिकारामसाठी आपन वकील लावू, त्याची बेल होऊन जाईन. तुमी बोलले तं पूरी समिती फसते!"

"समिती कावून फसते?" मामाजी म्हणाले. "पक्कड समितीच्या हातात होती का?"

"या वयात जेलात जासान?"

"तो कोन्या वयात गेला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही नीरजाताईंना घेऊन ठाण्यात गेलो तेव्हा प्रफुल मागून आला आणि दारातच उभा राहिला. साहेबांना आधी पटेचना. त्यांना वाटलं, म्हातारा कोणाला तरी वाचवतोय. "बाबा, ऊपर चढ़े कैसे आप?" मामाजींनी रिगरची सगळी नोकरी सांगितली, तार कुठं अडकली ते सांगितलं, पक्कड टेबलावर ठेवली. साहेबांनी विचारलं, "किसी ने बोला था काटने को?"

दारात प्रफुल. मामाजींनी मागं वळून बघितलंही नाही.

"बोलनेवाले हजार रहते साहब," ते म्हणाले. "सीटी मेरे मुँह में थी।"

"मालूम था, चालू लाइन है?"

नीरजाताईंनी आधीच बजावलं होतं, ठामपणे सांगा, मेलेली तार वाटली, केस तेवढ्यावर उभी आहे. मामाजी टेबलावरच्या पकडीकडं बघत राहिले. "नवी दिखी थी," ते म्हणाले. "हाथ रुका था मेरा। लोग देख रहे थे, तो काट दी।"

नीरजाताईंनी कपाळाला हात लावला. मीही मनात मामाजींना शिव्या घातल्या, म्हाताऱ्याला खोटंही धड बोलता येत नाही म्हणून. दारात प्रफुल खाली बसला, उंबऱ्यावरच, पोलिसांच्या येण्याजाण्याच्या वाटेत.

मामाजींना पकडलं आणि दुर्गच्या कोर्टात आणलं, त्याच दिवशी टिकारामच्या जामिनाची तारीख होती. दोघं कोर्टाच्या व्हरांड्यात समोरासमोर आले. टिकाराम वाळला होता, दाढी वाढलेली. मामाजींनी त्याच्या पायाकडं हात नेला. सत्तरीचा माणूस, चाळिशीतल्या माणसाच्या पायाकडं. टिकारामनं हात मधेच धरला.

"तुले आरशात दिसलं होतं नं?" मामाजींनी विचारलं. "पक्कड?"

टिकारामनं मान हलवली. दिसलं होतं.

"मग बोलला कावून नाही?"

टिकाराम जरा गोंधळला, जसं काही हे विचारायची गोष्टच नव्हती. म्हणाला, "तुंहर सीटी नइ बाजिस कका, त मैं कइसे बोलतेंव?"

तुमची शिटी वाजली नाही, तर मी कसा बोलणार होतो. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी ओळखला असता, टोमण्यांत मी कच्ची नाही. इतके दिवस तो जेलात बसून शिटीची वाट बघत होता, जशी ट्रकमध्ये हात स्टिअरिंगवर ठेवून बघायचा. शिपायानं मामाजींना आत नेलं.

टिकाराम सुटला, ट्रकही परत मिळाला. मामाजींना पुढं जामीन मिळाला, केस चालू आहे. शिक्षा काय होईल, ते नीरजाताईंनाही सांगता येत नाही. या वर्षी रथ बुटका होता, कोणत्याही तारेखालून सहज जाईल असा. प्रफुलनं समिती सोडली होती, तो मागं झाडू घेऊन चालत होता. मामाजी घरीच होते. टिकारामनं आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबवला आणि हलेना. अध्यक्ष ओरडले, डीजेवाला ओरडला, तो ढिम्म. शेवटी मी आत धावत गेले. मामाजींनी खुंटीवरची शिटी काढली, दारापर्यंत आले, गल्लीतल्या साऱ्या माणसांसमोर डोळे खाली ठेवून एकदाच वाजवली. ट्रक पुढं गेला.

मी म्हटलं, "पाहा मामाजी, त्यानं मनात काही ठेवलं नाही."

"तेच तं," ते शिटी पुसत म्हणाले. "त्यानं चार लोकायत मले शिव्या देल्या असत्या, तं मी बाहेर तोंड काढलं असतं."